सत्तरच्या दशकातली सगळ्यांत मुलायम सॉफ्ट रॉक गाणी: पहिली दहा कोणती, आणि का?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

१९७० ते १९७९ या काळातली सगळ्यांत मुलायम दहा सॉफ्ट रॉक गाणी ठरवायची आहेत. 'आवडतं म्हणून' हे कारण चालणार नाही, गाण्यात नेमकं काय केलंय ते सांगा.

आधी एक गैरसमज दूर करतो. मुलायम म्हणजे संथ नव्हे. फ्लीटवुड मॅकचं 'ड्रीम्स' आणि डूबी ब्रदर्सचं 'व्हॉट अ फूल बिलीव्ह्ज' ही दोन्ही गाणी मिनिटाला साधारण १२० मात्रांच्या लयीत आहेत. तरी ऐकताना धावपळ जाणवत नाही, कारण एकही वाद्य दुसऱ्याच्या अंगावर जात नाही. माझी कसोटी हीच: गाण्याचा एक भाग संपून दुसरा सुरू होताना सांधा ऐकू येता कामा नये.

कच्ची यादी: टेनसीसीचं 'आयम नॉट इन लव्ह' (१९७५), 'ड्रीम्स' (१९७७), 'व्हॉट अ फूल बिलीव्ह्ज' (१९७८चा अल्बम), बॉझ स्कॅग्जचं 'लोडाउन' (१९७६), बिली जोएलचं 'जस्ट द वे यू आर' (१९७७), सील्स अँड क्रॉफ्ट्सचं 'समर ब्रीझ' (१९७२), अल स्ट्युअर्टचं 'इयर ऑफ द कॅट' (१९७६), ब्रेडचं 'इफ' (१९७१), जेरी रॅफर्टीचं 'बेकर स्ट्रीट' (१९७८). दहावी जागा मोकळी आहे.

अडलंय ते तीन ठिकाणी. 'बेकर स्ट्रीट' खरंच मुलायम आहे का? ख्रिस्तोफर क्रॉसचं 'सेलिंग' सत्तरच्या दशकात धरायचं का? आणि स्टीली डॅन हा बँड या यादीत हवा की तो जॅझवाल्यांचा? शिवाय दोन गिटार, कीबोर्ड, बास आणि ड्रम्स एवढ्यावर ही गाणी वाजवायची झाली तर मुलायमपणा कुठे निसटतो, हेही सांगा.

फिरतीटेप

पहिल्या क्रमांकाबद्दल, म्हणजे 'आयम नॉट इन लव्ह'बद्दल, शंभर टक्के सहमत. कारण जरा सविस्तर लिहितो, कारण हे गाणं लोक 'छान बॅकिंग व्होकल्स' म्हणून सोडून देतात.

मागे जो 'आऽऽ' ऐकू येतो तो गायकवृंद नाही आणि सिंथही (सिंथेसायझर) नाही. इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत केव्हिन गॉडली, लोल क्रीम आणि ग्रॅहम गोल्डमन या तिघांनी एकेक सूर १६-१६ वेळा गायला. म्हणजे एका सुरामागे ४८ आवाज. कोमल-तीव्र धरून सप्तकातल्या सगळ्या सुरांचं असं केलं. मग प्रत्येक सुराच्या टेपची दोन टोकं जोडून साधारण १२ फुटांचा फेरा बनवला. तो मशीनमधून निघून बाहेर ठेवलेल्या माइकच्या स्टँडला वळसा घालून परत आत जायचा, त्यामुळे सूर कितीही वेळ तुटत नसे. हे सगळे सूर १६ ट्रॅकच्या टेपवर वेगवेगळ्या ट्रॅकवर उतरवले आणि चौघांनी मिळून मिक्सिंग डेस्कचे फेडर (आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या खुंट्या) वरखाली करत कॉर्ड वाजवल्या. डेस्कच वाद्य झालं.

आता मुलायमपणाचं मर्म. फेडर पूर्ण खाली जाऊ नयेत म्हणून त्यांच्या तळाशी चिकटपट्टी लावली होती. म्हणजे नको असलेले सूरही अगदी बारीक आवाजात सतत चालू आहेत. हेडफोनवर दोन ओळींच्या मधल्या जागेत कान द्या. तिथे शांतता नाही, धुकं आहे. कॉर्ड बदलते तेव्हा एक आवाज थांबून दुसरा सुरू होत नाही, त्याच धुक्यातून एक वर येतो आणि एक मागे सरकतो. धागाकर्त्यांची सांध्याची कसोटी याहून चांगली कुणी पार केलेली नाही. तालाचा 'धप्प' आवाजसुद्धा ड्रमचा नाही, मूग सिंथचा आहे. खऱ्या बेस ड्रमच्या कातडीचा टणत्कार इथे टोचला असता.

वाजवायचं असेल तर: कीबोर्डवर 'आ'चा पॅड (लांबत राहणारा मऊ आवाज) घेऊन बरोबर मात्रेवर हात ठेवलात की गाणं मेलं. अटॅक (आवाज फुलायला लागणारा वेळ) अर्धा सेकंद, रिलीज (हात उचलल्यावर विरायला लागणारा वेळ) दोन सेकंदांच्या आसपास ठेवा आणि कॉर्ड मात्रेच्या किंचित आधी दाबा, म्हणजे मात्रेवर येईपर्यंत ती फुललेली असेल. आणि पूर्ण सहा मिनिटांचीच आवृत्ती ऐका. रेडिओसाठी कापलेल्या आवृत्तीत मधला कुजबुजीचा भाग आखडतो आणि सगळा तोल जातो.

बासुरीवाला_बास

'बेकर स्ट्रीट' काढा. उत्तम गाणं आहे, मुलायम नाही. त्या गाण्यात गायलेलं धृपदच नाही, राफाएल रेव्हन्सक्रॉफ्टचा आल्टो सॅक्सोफोन हेच धृपद. कडवं खालच्या आवाजात, जवळजवळ पुटपुटल्यासारखं, आणि त्यावर तो सॅक्स छाती काढून येतो. रचनाच विरोधावर उभी आहे. शेवटी ह्यू बर्न्सची गिटार तर सरळ धार लावून येते. विरोध काढलात तर गाणं उरत नाही, ठेवलात तर मुलायम म्हणता येत नाही.

फिरतीटेप

मग त्याच न्यायाने 'इयर ऑफ द कॅट'सुद्धा बाद. त्यातही खरखरीत इलेक्ट्रिक गिटार आहे आणि सॅक्सही आहे.

बासुरीवाला_बास

नाही, आणि फरक कानाने सहज कळतो. ॲलन पार्सन्सने निर्मिती केलेल्या त्या साडेसहा मिनिटांच्या वरच्या गाण्यात मधला वाद्यांचा भाग हातातून हातात दिल्यासारखा आहे. तंतुवाद्यं, मग अकूस्टिक गिटार, मग इलेक्ट्रिक, मग सॅक्स. येणारं वाद्य आधीच्या वाद्याच्या शेवटच्या सुराजवळूनच उचलतं, आणि आवाजाची पातळी एकेक पायरीनेच चढते. इलेक्ट्रिक गिटारची खरखर ऐकू येईपर्यंत कान तिच्यासाठी तयार झालेला असतो. सॅक्स घालायची कल्पनाही पार्सन्सची. 'बेकर स्ट्रीट'मध्ये पायऱ्या नाहीत, उडी आहे. ती उडी हीच त्याची थोरवी, पण ती या यादीत बसत नाही.

मंद्रसप्तक

पटलं. 'बेकर स्ट्रीट' बाहेर. दोन जागा मोकळ्या.

एलपी_३३

'सेलिंग'चा हिशोब तारखेने करायचा तर: अल्बम डिसेंबर १९७९चा, सिंगल १९८०चं, आणि १९८१च्या ग्रॅमीमध्ये अल्बम, रेकॉर्ड, साँग आणि नवोदित कलाकार हे चारही मुख्य पुरस्कार क्रॉसला एकाच रात्री मिळाले. कागदावर सत्तरीत बसतं. पण मला ते नको, आणि कारण ध्वनीचं आहे. तो अल्बम सुरुवातीच्या डिजिटल यंत्रावर मुद्रित झाला आहे. त्याचा तळ स्वच्छ, काचेसारखा आहे. या यादीतल्या बाकी गाण्यांची ऊब टेपमधून येते: आवाज वाढला की टेप टोकं जरा गोल करते, ड्रमची धार बोथट होते. 'सेलिंग' पुढच्या दशकाचं पहिलं पान आहे.

आणखी एक. 'यॉट रॉक' हे अशा गुळगुळीत स्टुडिओ गाण्यांना चिकटलेलं नाव तेव्हा अस्तित्वात नव्हतं, ते २००५च्या एका वेब मालिकेतून आलं. त्यामुळे 'हे यॉट रॉक आहे की नाही' यावर सत्तरीतल्या गाण्यांची निवड करू नका. तसं केलं की 'इफ' आणि 'समर ब्रीझ' विनाकारण गळतात आणि १९७६ ते १९८०चे लॉस एंजेलिसचे स्टुडिओ वादकच उरतात.

आणि 'इफ'मध्ये काय ऐकायचं? बास. ए, जी शार्प, जी, एफ शार्प, एफ, ई असा अर्ध्या अर्ध्या सुराने जिना उतरतो. डेव्हिड गेट्स वर जवळजवळ एका जागी उभा राहून गातो आणि जमीन खाली सरकत जाते. पेटीवर डाव्या हाताने एवढाच उतार वाजवून वर ओळ गुणगुणा, बाकी काही लागत नाही.

रोड्सप्रेमी

स्टीली डॅन हवेतच. 'एजा' (१९७७) या अल्बममधलं 'पेग' घ्या. मुलायमपणा फुकट मिळत नाही हे दाखवणारं याहून चांगलं उदाहरण नाही. त्यातल्या गिटार सोलोसाठी सहा-सात नामांकित वादकांचे प्रयत्न बाजूला ठेवले, शेवटी जे ग्रेडनचा घेतला. मागचे आवाज मायकेल मॅकडोनाल्डचे, स्वतःवरच थर चढवलेले, इतक्या जवळजवळच्या सुरांत की एक चुकला तर सगळा थर आंबतो. बासवर चक रेनी. निर्मात्यांना स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं) नको होता, म्हणून त्याने आडोशाला उभं राहून धृपदात स्लॅप वाजवला आणि तो राहिला. पण तो 'स्लॅप' म्हणून कानावर येत नाही, उसळी म्हणून येतो.

आता बँडचा प्रश्न. पाच जणांत ही गाणी वाजवताना तीन ठिकाणी घसरतं.

पहिलं, कीबोर्ड. फेंडर रोड्स या इलेक्ट्रिक पियानोमध्ये हातोडी एका पोलादी काडीवर आपटते आणि पिकअप तो कंप उचलतो. हळू वाजवलं तर घंटी, जोरात वाजवलं तर भुंकल्यासारखा आवाज. 'जस्ट द वे यू आर'मध्ये त्यावर फेजर (आवाज लाटेसारखा फिरवणारा इफेक्ट) आहे. लोक फेजर वेगात ठेवतात आणि गाणं पाण्यात बुडतं. एक फेरी पूर्ण व्हायला दोन सेकंद लागतील इतका हळू ठेवा, आणि जोर मधल्या पट्टीत. डाव्या हाताने बासची रेघ दुप्पट करू नका, खाली चिखल होतो.

दुसरं, ड्रम्स. स्टीली डॅनचं 'होम ॲट लास्ट' ऐका, बर्नार्ड पर्डीचा शफल. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करा. पहिल्या आणि तिसऱ्या भागावर हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी), मधल्यावर स्नेअर ड्रमचा अगदी हलका स्पर्श. मोठा ठोका चारपैकी फक्त तिसऱ्या मात्रेवर. चूक होते ती स्पर्शाच्या ठोक्यांत. काठी कातडीपासून दोन बोटांहून वर उचलली की ते ठोके ऐकू यायला लागतात आणि शफलची कवायत होते. ते ऐकू यायचे नसतात, नसले तर मात्र लगेच कळतं.

तिसरं, गिटारवाल्यांचा मोह. दोघांनी एकाच पट्टीत पूर्ण कॉर्ड वाजवल्या की भिंत उभी राहते. एकाने खालच्या चार तारा, दुसऱ्याने वरच्या तीनच, आणि दोघांपैकी एकाने दर दोन मात्रांना गप्प बसायचं.

बासुरीवाला_बास

+१. 'लोडाउन'मध्येही हेच आहे. जेफ पोरकारोच्या हाय-हॅटने सगळी मोकळी जागा भरलीय म्हणून बाकीच्यांना गप्प बसणं परवडतं. तो, कीबोर्डवरचा डेव्हिड पेच आणि बासवरचा डेव्हिड हंगेट हेच पुढे टोटो झाले. दहावी जागा 'पेग'ला द्या, नववीला शिकागोचं 'इफ यू लीव्ह मी नाऊ' (१९७६).

एलपी_३३

कार्पेंटर्सना कुणी विचारलंच नाही. 'रेनी डेज अँड मंडेज' (१९७१) घ्या. कॅरन कार्पेंटरचा खालचा आवाज माइकच्या इतका जवळून घेतला आहे की शब्दाच्या आधीचा श्वासही सुरात येतो. 'गुडबाय टू लव्ह' मात्र टोनी पेलुसोच्या फझ (मुद्दाम खरखरीत केलेल्या) गिटारमुळे 'बेकर स्ट्रीट'च्याच कारणाने बाद. 'इफ यू लीव्ह मी नाऊ'पेक्षा 'रेनी डेज' कधीही वर.

मंद्रसप्तक

नववी 'रेनी डेज', दहावी 'पेग'. 'ड्रीम्स'बद्दल कुणी काही लिहिलं नाही म्हणून मीच लिहितो. जवळजवळ संपूर्ण गाणं एफ मेजर सेव्हन आणि जी या दोनच कॉर्डवर आहे, मधल्या गिटारच्या तुकड्यात ए मायनर डोकावते तेवढीच. 'सी' हा सा मानला तर गाणं म आणि प यांच्यामध्येच झुलत राहतं, सा ची कॉर्ड लागतच नाही. घरी न पोचताही अस्वस्थ वाटत नाही, कारण मिक फ्लीटवुड आणि जॉन मॅकव्ही खाली तसूभरही हलत नाहीत. वाजवताना शेवटी 'सी'वर आणून संपवायचा मोह होतो. संपवू नका, त्या दोन कॉर्डवरच आवाज कमी करत न्या.

रोड्सप्रेमी, एक विचारायचं होतं. स्टीली डॅनची ती 'म्यू' कॉर्ड कीबोर्डवर जमते, गिटारवर बोटं पुरत नाहीत. काय करायचं?

रोड्सप्रेमी

म्यू कॉर्ड म्हणजे साध्या मेजर कॉर्डमध्ये रे मिसळायचा: सा रे ग प. अट एकच, रे आणि ग शेजारी शेजारी लागले पाहिजेत. रे वरच्या सप्तकात नेला तर ती नुसती ॲड नाइन होते, तो किंचित घासणारा गोडवा जातो. गिटारवर सगळ्यांत सोपी ई मध्ये मिळते: जाड ई मोकळी, ए तारेवर दुसरा फ्रेट, डी तारेवर चौथा, जी तारेवर पहिला, बी आणि बारीक ई मोकळ्या. तर्जनी जी तारेवर, मधलं बोट ए वर, करंगळी डी वर. डी तारेवरचा एफ शार्प हा रे, जी तारेवरचा जी शार्प हा ग.

बहुतेकांची करंगळी आडवी पडते आणि शेजारची जी तार दाबून टाकते. मग ग गायब होतो आणि सस टू ऐकू येते, पोकळ. अंगठा गळ्याच्या मागे मधोमध खाली आणा, करंगळी टोकावर उभी राहते. एकेक तार वेगळी छेडून बघा. डी आणि जी या दोन तारा एकत्र वाजवल्यावर हलकी थरथर ऐकू आली तर कॉर्ड बरोबर लागली.