टेरेसच्या शेडवर टर्बो व्हेंटिलेटर

ए-७०२ : सेक्रेटरी साहेब, रात्री अकरा वाजतासुद्धा पंखा लावला की वरून गरम वाराच येतो. सातव्या मजल्यावरचे आम्ही सगळेच हैराण आहोत. टेरेसच्या शेडचं काही होणार आहे का?

सेक्रेटरी : हो वहिनी, कोटेशन आलंय. शेडवर सहा टर्बो व्हेंटिलेटर, म्हणजे गरम हवा बाहेर काढणारी पात्यांची गोल चक्रं. वीज लागत नाही, वाऱ्यावर फिरतात. रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ.

ए-३०४ : पण ठाण्यात मे महिन्यात पानसुद्धा हलत नाही, तेव्हा ते फिरणार कसे?

बी-६०१ : दादा, प्रश्न रास्त आहे. रबाळे एमआयडीसीत आमच्या कारखान्याच्या शेडवर हे आहेत, देखभाल माझ्याकडेच असते, म्हणून सविस्तर लिहितो.

पाती बाकदार असतात. वारा एका बाजूला पात्यांच्या पोकळीत अडतो आणि दुसऱ्या बाजूला फुगीर पाठीवरून निसटतो, त्यामुळे चक्र फिरतं. फिरताना आतली हवा पात्यांमधल्या फटींतून बाहेर फेकली जाते, आत दाब कमी होतो आणि शेडमधली हवा वर ओढली जाते. वारा पडला तरी पत्र्याखालची तापलेली हवा हलकी असल्यामुळे वर चढतेच. चक्र मंद झालं, थांबलं, तरी वाट उघडी राहते. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की वेग वाढतो.

पण कोटेशनमध्ये मुख्य गोष्टच नाही. जेवढी हवा बाहेर जाईल तेवढी खालून आत यायला हवी ना! कबुतरं आणि पावसाची झड नको म्हणून आपण शेडच्या चारही बाजू पत्र्याने बंद केल्या आहेत. तशाच ठेवल्या तर सहा काय, साठ बसवले तरी पैसे वाया जातील.

ए-३०४ : मग किती हवेत?

बी-६०१ : अमेरिकेच्या घरबांधणी संहितेत छपराखालच्या माळ्यासाठी क्षेत्रफळाच्या १/१५० इतकी उघडी जागा मागतात. आपलं टेरेस साधारण ३००० चौ. फूट, म्हणजे २० चौ. फूट. निम्मी वर, निम्मी खाली. २४ इंची टर्बोचं तोंड सुमारे ३ चौ. फूट, तेव्हा वर चार पुरेत, तेही मोभाजवळ, म्हणजे छपराच्या सगळ्यात उंच रेषेजवळ. खाली शेडच्या बाजूंना कबुतरांसाठी जाळी लागेल आणि तिच्या तारा जागा अडवतात, म्हणून तिथे १० चौ. फुटांपेक्षा बरीच जास्त जागा उघडावी लागेल. वाचलेल्या दोनांचे पैसे तिथे घाला.

ए-७०१ : माझा विरोध आहे. गळती थांबावी म्हणून शेड बांधली, आता तिलाच भोकं पाडायची?

बी-६०१ : काका, तुमची काळजी खरी आहे. पाती एकमेकांवर चढलेली असतात आणि फिरताना पाणी बाहेर भिरकावतात. वादळी पावसात क्वचित चार थेंब येतील. गळती होते ती बहुतेक खालच्या बेसच्या, म्हणजे टर्बो ज्यावर बसतो त्या बैठकीच्या, पत्र्याशी असलेल्या जोडातून. बेसची वरची कड मोभाच्या पत्र्याखाली सरकवलेली हवी. नुसत्या सिलिकॉनवर भागवतो म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

सी-५०३ : शेजारी एक एक्झॉस्ट फॅनही लावू या का? दुप्पट काम होईल.

बी-६०१ : नको. फॅन जवळच्या टर्बोमधूनच बाहेरची हवा आत ओढेल आणि शेडमधली गरम हवा तिथेच राहील.

ए-७०२ : भाऊ, खरं सांगा, घर गार होईल का?

बी-६०१ : वहिनी, एसीसारखं नाही. कोंडलेली हवा जाईल, पण तापलेला पत्रा स्लॅबवर उष्णता टाकतच राहतो. दिवसभर तापलेला स्लॅब ती रात्री खाली सोडतो, म्हणून तुम्हाला अकरा वाजताही त्रास होतो. पत्र्याला वरून पांढरा उष्णतारोधक रंग दिला तर फरक जास्त पडेल. माझ्या मते दोन्ही एकत्र करावं. सातव्या मजल्याने हे दरवर्षी सोसावं, हे मला पटत नाही.

सेक्रेटरी : ठीक. चार टर्बो, बेसचा जोड नीट, खाली चारही बाजूंना जाळी आणि पत्र्याला रंग, असं नवं कोटेशन मागवतो.

बी-६०१ : पश्चिमेला आणि दक्षिणेला नुसती जाळी नको. पावसाळ्यात झड तिकडूनच येते. तिथे बाहेर खाली झुकलेल्या पट्ट्यांचे लूव्हर आणि आतून जाळी सांगा. आणि बेअरिंगची वॉरंटी लेखी घ्या, ते खराब झालं की कुरकुर सुरू होते आणि चक्र अडतं.