आजीच्या डब्यातले राणीछाप रुपये – खरे की खोटे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धागा चुकीच्या विभागात काढला असेल तर सांभाळून घ्या. आजीचा एक पितळी डबा होता, ती गेल्यापासून कुणी उघडलाच नव्हता, परवा माळा आवरताना हाती लागला तर आत फडक्यात बांधलेले आठ रुपये निघाले. सात एकत्र आणि एक फडक्याच्या कोपऱ्यात वेगळी गाठ मारून. राणीछाप, राजाछाप सगळे मिसळून. आता घरात दोन पार्ट्या पडल्यात, आई म्हणते आजीने इतकी वर्षं जपलेत म्हणजे खरेच असणार आणि भाऊ कुठलेतरी व्हिडिओ बघून म्हणतो की तीन तरी डुप्लिकेट आहेत. विकायचे अजिबात नाहीयेत, पण डोक्यात किडा वळवळतोय.

भावाने बाजूला काढलेले तीन असे: एक चुंबकाला टचकन चिकटला. दुसरा १९४४ चा, त्याच्या कडेला मधोमध खाच आहे आणि रंग मळकट, भाऊ म्हणतो दोन पत्रे चिकटवलेत. तिसरा राणीचा १८६२ चा, मागच्या बाजूला तारखेखाली बारीक ठिपके आहेत, ते म्हणे ओतताना राहिलेले बुडबुडे.

बाकीच्या पाचांची वजनं ११.५ ते ११.७ ग्रॅमच्या मधे आली. त्यातला ११.७ वाला १८८५ चा तर इतका सुंदर आहे की विचारू नका, राणीच्या मुकुटावरची नक्षीसुद्धा मोजता येईल, वेगळ्या गाठीत होता तो हाच, म्हणून आईचा सगळ्यात लाडका. फक्त फरशीवर टाकला की बाकीचे खणकन वाजतात आणि हा जरा बद्द, पण तो बहुतेक फरशीचा दोष असेल.

आणि हो, आईने एकाला चिंच लावून चकचकीत केलाय. चालतं ना?

प्रतिसाद १
फोटो?

प्रतिसाद २
ताई, चिंच प्रकरण आधी थांबवा. तो काळपट थर शंभरेक वर्षांत चढलेला असतो, घासला की परत येत नाही आणि नाण्याची किंमतही जाते. आणि फरशीवर टाकू नका हो, कडेला टोचा बसला की संपलं. बोटाच्या टोकावर तोलून धरा आणि दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी द्या.

आता भाऊसाहेबांचे तीन. चुंबकाला चिकटलेल्यावर मागे वाघ आहे का बघा, असेल तर तो १९४७ चा, तो निकेलचाच असतो, त्यामुळे चिकटणारच. चांदी नाही पण नाणं खरं. १९४४ च्या खाचेबद्दल तर मला हसूच आलं, कारण ती खाच खोट्या नाण्यांना आळा बसावा म्हणूनच घातलेली. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं आणि निकेल-जस्त पाच पाच टक्के. असा मिश्रधातू नकली करणाऱ्यांना सोपा जातो म्हणून कड अवघड केली. रंगही त्यामुळेच मळकट. आणि १८६२ चे ठिपके म्हणजे बुडबुडे नव्हेत. १८७४ पर्यंत रुपयावर तारीख १८६२ चीच ठेवली होती आणि मुंबईच्या टांकसाळीत साल ओळखायला ठिपके वाढवत नेले. ठिपके मोजा, तुमचा रुपया नक्की कुठल्या वर्षी पाडला त्याचा अंदाज येईल.

मला घोर आहे तो तुमच्या लाडक्याचा. जुना रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. झिजून थोडा हलका होतो पण जड कसा होईल? वजन जुळवणं तसं कठीण नाही, हलका धातू घेऊन नाणं किंचित जाड केलं की झालं. घनता मात्र जुळवता येत नाही. दोन दशांश दाखवणारा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा आणि रुपया दोऱ्याने पाण्यात टांगून धरा, तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. जो आकडा दिसेल त्याने हवेतल्या वजनाला भागा. जुन्या रुपयाला १०.३ च्या आसपास यायला हवं. जर्मन सिल्व्हर असेल तर साडेआठ-पावणेनऊ. जर्मन सिल्व्हरमधे नावाला पण चांदी नसते आणि ते चुंबकालाही चिकटत नाही, तिथेच लोक फसतात.

आणि राणीच्या दोन्ही बाजूंना काय लिहिलंय ते नीट वाचून सांगा.

प्रतिसाद ३
सराफाकडच्या मशीनवर नेऊ नका असं नाही, पण ते फक्त धातू सांगतं. दुर्मिळ सालांची नकली नाणी चांगल्या चांदीत पण बनवतात. भिंग घेऊन अक्षरांच्या मुळाशी बघा, ओतीव नाण्याला तिथे सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतात, आणि कडेच्या रेघांवरून नख फिरवा, कुठे कानस मारल्यासारखं गुळगुळीत लागलं तर साच्याचा सांधा लपवलाय समजा.

धागाकर्ती
केलं बाई एकदाचं! वाघ आहे. ठिपके मोजले, सहा वाटतात. पाण्याचं मात्र अर्धा तास चाललं होतं, दोरा सारखा फिरायचा आणि आकडा स्थिर होईना, शेवटी पुस्तकांच्या दोन चळती करून वर पट्टी आडवी टाकली आणि तिला दोरा बांधला. १८६२ चा हवेत ११.६२, पाण्यात १.१३. भागून १०.२८ आलं. १८८५ चा हवेत ११.७०, पाण्यात १.३७. तीनदा केलं. ८.५४ च्या वर जातच नाही.

आणि राणीच्या बाजूला लिहिलंय ‘व्हिक्टोरिया क्वीन’.

प्रतिसाद २
मग मिटलंच. १८७७ पासून तिथे ‘एम्प्रेस’ असतं. १८८५ चा रुपया ‘क्वीन’ असूच शकत नाही. ठसा बनवणाऱ्याने जुना चेहरा घेतला आणि साल मनाने घातलं. बाकीच्यांचं पण पाणी करून घ्या एकदा, पण ११.५-११.६ वाले मला ठीक वाटताहेत.

धागाकर्ती
भाऊ तीनही चुकला म्हणून मी खूश आणि आई गप्प. पण असा खोटा रुपया आजीकडे आला कसा? ती तर भाजीवाल्याकडून परत आलेली चिल्लर पण वाजवून घ्यायची.

प्रतिसाद १
वेगळ्या गाठीत कुठला होता म्हणालात?