मदत हवी आहे: शुक्राच्या रडार चित्रातली रेषा, धार की खचदरी?

शुक्राच्या उत्तर भागातल्या फॉर्च्युना टेसेरा या चिरफाळलेल्या उंच प्रदेशाच्या एका तुकड्याचा भूरूप नकाशा क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये करतोय. आधार मॅगेलन यानाची (१९९०–९४) रडार चित्रं, ७५ मीटर प्रति पिक्सेल. प्रक्षेपण (गोल पृष्ठ सपाट नकाशावर मांडायची पद्धत) ध्रुवीय स्टिरिओग्राफिक, ते नीट जुळलंय.

अडलंय बारीक रेषांशी. माझी चित्रं डावीकडून, म्हणजे पश्चिमेकडून रडार टाकलेली आहेत. त्यामुळे रुंद धारेची (लांब, उंच कण्याची) पश्चिम बाजू उजळ आणि पूर्व बाजू काळी दिसते. खचदरीत (जमीन खचून झालेल्या लांब दरीत) नेमकं उलट. तिथवर ठीक. पण दोन-तीन पिक्सेलच्या रेषेत नुसता उजळ पट्टा उरतो, आणि खडबडीत जमीनही तशीच उजळ दिसते. शिवाय इतक्या उत्तरेला किरण जास्त उभे पडतात, त्यामुळे उतार रडारकडे कलंडलेले दिसतात.

उंचीची माहिती वर टाकून पाहिली. ती कित्येक किलोमीटरच्या ठिपक्यांची, या रेषांना निरुपयोगी. कॉन्ट्रास्ट ताणूनही फरक पडला नाही. साधा लॅपटॉप आहे, विकतचं सॉफ्टवेअर नको.

मॅगेलनवर काम केलेल्यांना विचारतो: किती पिक्सेलखालच्या रेषेला धार किंवा खचदरी न म्हणता नुसतं 'रेषा' या वर्गात टाकता? आणि उजवीकडून घेतलेली दुसऱ्या फेरीची चित्रं शेजारी ठेवली तर हा निवाडा खरंच होतो का?