गोव्याचा समुद्र ओसाड? आधी नकाशा सरळ धरा

मांडवीकाठ : परवा आकडेबहाद्दर यांनी इथे टाकलं, "व्हीजीपीएमच्या एचडीएफ फाइल्स आरमध्ये वाचल्या. गोव्यासमोरची उत्पादकता चक्क उणे! समुद्र मेला." (व्हीजीपीएम म्हणजे उपग्रहाला दिसणाऱ्या हिरवेपणावरून समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींची वाढ, म्हणजे उत्पादकता, काढायचं गणित; एचडीएफ हा त्याच्या फाइलींचा प्रकार, आर ही आकडेमोडीची संगणकभाषा.) कपाळाला हात लावला. उणे म्हणजे काय, समुद्र आपलं देणं लागतो? जिथे माप नाही तिथे -९९९९ भरलेलं असतं, जमिनीवर तर सगळीकडे. तुमच्या चौकोनात आतला अर्धा सत्तरी तालुका आलाय. आधी ते 'एनए', म्हणजे 'माहिती नाही', करा, मग सरासरी काढा.

आकडेबहाद्दर : केलं एनए. नकाशा आडवा दिसत होता, तोही फिरवला. तरी आकडा कमीच. आता बोला.

रापणकार : उपग्रह कशाला हवा? लहानपणी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली की बांगडा पाट्यांत मावत नसे. गेल्या साली सकाळभर ओढून अर्धी पाटी तारले, तेही बोटभर. प्रकाशझोतातल्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली ना? रात्री किनाऱ्यावर उभे राहा, समुद्रात दिवाळी दिसते.

बेतीवाली : झालं, आले ट्रॉलरवर! आमचे हे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आहेत, होडीवर एलईडी नाही. जून-जुलैचे ६१ दिवस घरी बसतात तेव्हा बँकेचा हप्ता तुम्ही भरता?

रापणकार : मी तुमचं नाव घेतलं? चोराच्या मनात चांदणं.

बेतीवाली : तोंड सांभाळून. चोर कुणाला म्हणता?

मांडवीकाठ : अहो, भांडण जेटीवर न्या! आकडेबहाद्दर, तुमचा नकाशा म्हणजे आकड्यांच्या घरांची १०८० ओळींची जाळी आहे, पहिली ओळ उत्तर ध्रुवाकडची. ४४७वी ओळ वरून मोजली तर पणजीसमोरचं पाणी. तुम्ही फिरवताना उलटी केलीत, म्हणून तीच ओळ खालून मोजली गेली. तुमचा 'गोवा' विषुववृत्ताखालच्या दिएगो गार्सिया बेटाच्याही दक्षिणेला पोचलाय. भर महासागरातलं निळंशार पाणी ते, तिथे आकडा कमीच येणार.

आकडेबहाद्दर : उलटी होती. आकडा वाढला. घ्या, नारळ ठेवू का पायाशी? पण जाळीतलं एकेक घर साधारण १८ किलोमीटरचं, गोव्याचा किनारा जेमतेम १०५. वर पावसाळ्यात मांडवी-झुआरीच्या मुखाशी गाळ, कुजका पाला. उपग्रहाला तेही हिरवंच दिसतं. तेव्हा तुमचा आकडाही डोक्यावर घेऊन नाचू नका.

मांडवीकाठ : किनाऱ्यालगतचं मान्य. नाइलाजाने.

रापणकार : मग बांगडा आहे की नाही, एवढंच सांगा.

मांडवीकाठ : या आकड्यात बांगडा नसतोच हो. सूक्ष्म वनस्पती रोज चौरस मीटरमागे किती मिलिग्रॅम कार्बन बांधतात, तेवढंच.

बेतीवाली : बांगडा सकाळी मालीमच्या जेटीवर येऊन विचारा. येताना तो 'चोर' मागे घेऊन या.