मदत हवी आहे: १९३२ च्या फोर्ड रोडस्टरमध्ये ५.३ बसवलंय, गाडी तापतेय

वामन_कॅलिफोर्निया
नमस्कार मंडळी. बत्तीसची रोडस्टर आहे, त्यात ५.३ बसवलंय. गाडी तापते. काटा २३० च्या वर जातो. रेडिएटर नवाकोरा ॲल्युमिनियमचा, वॉटर पंप नवा, थर्मोस्टॅट नवा, तरी तेच. इथे ज्याला विचारावं तो मोठा रेडिएटर घ्या म्हणतो, पण बत्तीसच्या अरुंद ग्रिलमागे मावेल तेवढाच मावतो. शनिवारी गाडी बाहेर काढायचीच आहे. कोणी एलएस बसवलं असेल तर लवकर सांगा.

उद्यमनगरचा मिस्त्री
२३० सेल्सिअस? आणि ५.३ कसलं, डिझेल का?

वामन_कॅलिफोर्निया
फॅरनहाइट हो. जीएमच्या शेवरले सिल्व्हराडो ट्रकचं ५.३ लिटरचं पेट्रोल व्ही-८, एलएस मालिकेतलं, लोखंडी ब्लॉकचं.

उद्यमनगरचा मिस्त्री
म्हणजे ११० सेल्सिअस. थर्मोस्टॅट काढून टाका आणि बिनधास्त फिरा. कोल्हापुरात जीपला दुसरं इंजिन बसवलं की आम्ही पहिलं तेच करतो. वर्षानुवर्षं चालतात गाड्या.

सुहास सनीवेल
मिस्त्री, जीपला चालत असेल, पण या इंजिनाला तो सल्ला देऊ नका. एलएसचा थर्मोस्टॅट पाणी इंजिनात शिरतं त्या बाजूला, पंपाच्या तोंडाशी असतो. त्याच्या मागची चकती गरम झाल्यावर बायपासचं भोक बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि बरंच पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरत राहतं.

वामन, आता तुम्ही सांगा. गाडी हायवेला तापते की सिग्नलला? पंखा कुठला, पुढून ढकलणारा की मागून ओढणारा? त्याला हवा कडेने निसटू न देणारं आच्छादन (श्राउड) आहे का? काटा कुठल्या सेन्सरवर जोडलाय? आणि दोन्ही हेडच्या पुढच्या टोकाला वाफेची बारीक नळी असते, ती कुठे नेलीय?

फ्लॅटहेडप्रेमी
मूळ गाडीत २२१ घनइंचाचा फ्लॅटहेड व्ही-८ होता, ६५ अश्वशक्तीचा. सामान्य माणसाला परवडणारा पहिला व्ही-८ म्हणून त्या गाडीला मान आहे. कॅलिफोर्नियातल्या एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर पोरांनी या गाड्या पळवल्या त्या त्याच इंजिनावर. फोर्डच्या गाडीत शेवरलेचं इंजिन मला पटत नाही. निदान फोर्डचंच नवं व्ही-८, कोयोटी, तरी बसवायचं.

सुहास सनीवेल
फ्लॅटहेडवर माझंही प्रेम आहे, पण तापण्याच्या धाग्यात त्याचं नाव नको. त्याचा एक्झॉस्ट ब्लॉकच्या पाण्यातूनच बाहेर पडतो, त्यामुळे तापण्याबद्दल तो पहिल्यापासून प्रसिद्ध आहे. कोयोटीला प्रत्येक हेडवर दोन-दोन कॅमशाफ्ट, म्हणून ते फार रुंद. बत्तीसच्या चॅसीत स्टिअरिंग आणि एक्झॉस्टला जागा काढता काढता जीव जातो. एलएसचा कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये असतो, इंजिन अंग चोरून बसतं. लोक ते उगीच निवडत नाहीत.

फ्लॅटहेडप्रेमी
जागा होते म्हणून काहीही बसवायचं, हे मला मान्य नाही. मेहनत घेतली तर कोयोटी बसतं. बसवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

पुणेरी_गिअर
असं काम पुण्यात करता येईल का? माझ्याकडे काकांची पद्मिनी पडून आहे. नवीन १.२ चं पेट्रोल इंजिन बसवायची फार इच्छा आहे.

आरटीओ_अभ्यासक
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केलंय. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी घ्या. दुसऱ्याच कंपनीचं इंजिन घालायचा विचार सोडा, मूळ इंजिन नीट बांधून घ्या.

एलए_देशपांडे
वामन, नोंदणी केलीत का? कॅलिफोर्नियात एसबी १०० या कायद्याखाली विशेष बांधणीच्या गाड्यांना वर्षाला ५०० च प्रमाणपत्रं मिळतात. त्यात धुराच्या तपासणीसाठी बॉडी ज्या वर्षाची दिसते ते वर्ष धरता येतं. जानेवारीच्या सुरुवातीलाच रांगेत उभं राहावं लागतं.

वामन_कॅलिफोर्निया
नोंदणी झालेली आहे हो, तो प्रश्न नाही.

सुहास, हायवेला १९५-२०० वर काटा स्थिर असतो. सिग्नलला थांबलं की चढायला लागतो. पंखा रेडिएटरच्या पुढे आहे, कारण मागे पंप आणि पुली इतकी जवळ आहे की हातही जात नाही. आच्छादन नाही. काट्याचा सेन्सर उजव्या हेडच्या मागच्या भोकात. वाफेच्या नळीचं मला काहीच माहीत नव्हतं. आत्ता टॉर्च घेऊन पाहिलं. आधीच्या गॅरेजने दोन्ही हेडवर नळी कापून तोंडं बंद केलीत.

सुहास सनीवेल
मग बराचसा उलगडा झाला. हायवेला ठीक आणि उभी असताना गरम, म्हणजे रेडिएटर पुरेसा आहे, हवा कमी पडतेय. मोठा रेडिएटर घेण्यात पैसे घालवू नका. पुढे लावलेला पंखा गाडी पळताना ग्रिलमधून येणाऱ्या हवेची वाट अडवतो, आणि आच्छादनाशिवाय तो फक्त स्वतःसमोरच्या गोलापुरतीच हवा खेळवतो.

जागेचं असं आहे. ट्रकच्या एलएसची पुली शेवरलेच्याच कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या एलएसच्या मानाने दीड इंच पुढे असते. कॉर्व्हेटचा बॅलन्सर (क्रँकच्या टोकाची पुली), पंप आणि ब्रॅकेट घातलेत की तेवढी जागा मोकळी होईल. तिथे ओढणारा पंखा आणि रेडिएटर पूर्ण झाकणारं आच्छादन बसवा. पंखा ईसीयूकडून, म्हणजे इंजिनाच्या संगणकाकडून, चालू होऊ द्या. जुन्या ट्रकांत पट्ट्यावरचा पंखा असायचा, म्हणून त्याच्या प्रोग्रॅममध्ये (ट्यून) विजेच्या पंख्याची सेटिंग चालू करून घ्यावी लागते.

त्याच्या आधी वाफेच्या नळ्या उघडा. हेडच्या वरच्या कोपऱ्यात वाफ अडकली की तिथे पाणी पोचत नाही, काटा उड्या मारतो आणि गास्केट जाते. नळी रेडिएटरच्या वरच्या टाकीत सोडा, वाटेत कुठेही खाली लोंबकळू देऊ नका. हेडच्या मागच्या टोकाच्या दोन तोंडांना टोप्या असतील तर त्या राहू द्या, कंपनीनेही पुढे तसंच केलं.

उद्यमनगरचा मिस्त्री
नळीचं पटलं. पण मी तरी आधी पाण्यात किती कूलंट आहे ते बघितलं असतं.

सुहास सनीवेल
बरोबर. निम्मं-निम्मं मिश्रण आणि १५ पीएसआयचं झाकण असेल तर उकळणबिंदू २६० फॅरनहाइटच्या आसपास जातो. २३० ला उकळणार नाही, पण रोजचं ते नको. ईसीयूचा सेन्सर डाव्या हेडला पुढे असतो. स्कॅनर लावून त्याचा आकडा काट्याशी ताडून पाहा.

वामन_कॅलिफोर्निया
स्कॅनर लावला. काटा २३२, ईसीयू २२१. नळ्यांचं साहित्य मागवलं, उद्या येईल. कॉर्व्हेटचा पंप शनिवारपर्यंत मिळत नाही. तोवर पुढच्याच पंख्याला पत्र्याचं आच्छादन करून चालेल का?

सुहास सनीवेल
पंखा रेडिएटरच्या गाभ्यापासून इंचभर लांब ठेवून कडेने बंद केलात तर थोडा फरक पडेल. पाणी भरताना गाडीचं नाक जॅकवर चढवा, हवा निघून जाऊ द्या. शनिवारी सकाळी लवकर निघा आणि ईसीयू २२५ दाखवायला लागला की बाजूला घेऊन बंद करा.