मदत हवी आहे: 'प्रिन्स ऑफ पर्शिया' गेमच्या फ्लॉपीचं व्हर्जन कसं ओळखू?
फोंड्याला मामांच्या माळ्यावर सव्वापाच इंची फ्लॉप्या मिळाल्या, एकीच्या लेबलवर पेनाने नुसतं 'प्रिन्स' लिहिलंय, म्हणजे कॉपीच असणार. डॉसवरच्या (विंडोजच्या आधीची पीसीची सिस्टीम) 1990 च्या प्रिन्स ऑफ पर्शियाची 1.0, 1.3, 1.4 अशी व्हर्जन्स आहेत आणि गेम चालू असताना कंट्रोल+व्ही दाबलं की नंबर दिसतो, 1.0 ला 'मेगाहिट' आणि नंतरच्यांना 'इम्प्रूव्ह्ड' टाकून चीट चालतं, एवढं ठाऊक आहे. पण चालवू कशी? आमच्याकडचा पावसाळा माहीतच आहे, खाचेतून चकतीवर पांढरी बुरशी दिसतेय, तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर हेडची (चकती वाचणाऱ्या भागाची) वाट लागायची. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोणी वाचवलीये का? नुसत्या फायलींच्या साइझवरून व्हर्जन कळेल का? म्हापसा-पणजीकडे कोणाकडे चालू ड्राइव्ह असेल तर प्लीज सांगा