इसबगोलाने पोट फुगतंय? आधी प्रमाण आणि पाणी तपासा
इसबगोल सुरू केल्यावर पोट उलट जास्त फुगलं, असं आयबीएसचा त्रास असलेल्या एकाने लिहिलंय. आयबीएसमध्ये (पोटदुखी, फुगणं, बद्धकोष्ठ किंवा जुलाब असा आतड्यांचा चिवट त्रास) तंतू (फायबर) एकदम वाढवले की हे बऱ्याचदा होतं. पहिला आठवडा एकच छोटा चमचा घ्या, पेलाभर (२०० ते २५० मिली) पाण्यात ढवळून लगेच प्या, फुगवून ठेवू नका. मग सोसेल तसे दोन चमचे. इतर गोळ्या दोन तास आगेमागे. पाणी कमी पडलं तर हाच भुसा आत घट्ट होऊन अडतो, आणि आपल्याकडे वैशाखात घामानेच अंगातलं पाणी जातं. दुपारी उकड्या तांदळाची पातळ पेज घ्याच.

वालाचं बिरडं नि कुळथाची उसळ त्रासाच्या दिवसांत नको. त्यांतल्या न पचणाऱ्या शर्करा मोठ्या आतड्यात आंबून वायू धरतो.

न्याहारीनंतर अर्ध्या तासात आतडी आपणहून हलतात, शौचाला रोज तीच वेळ धरा. कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचं स्टूल हवं: गुडघे कमरेपेक्षा वर, अंग किंचित पुढे. श्वास कोंडून कुंथू नका. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा, मोबाइल बाहेरच राहू दे.

शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब यांना मात्र आयबीएस समजून घरी बसू नका, डॉक्टरांकडे जा.